भोक, छिद्र की रंध्र? कवटीच्या तळातल्या वाटांची नावं

फिजिओथेरपी शिकणारी एक मुलगी पेशंटसाठी मराठीत माहितीपत्रक लिहितेय. तिचा प्रश्न असा की 'फोरामेन'ला, म्हणजे हाडातल्या ज्या वाटेनं चेता किंवा रक्तवाहिनी आरपार जाते तिला, मराठीत भोक म्हणावं, छिद्र म्हणावं की रंध्र, आणि 'फोरामेन मॅग्नम' म्हणजेच आपलं ब्रह्मरंध्र असं तिला कुणीतरी सांगितलंय ते बरोबर आहे का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण हा गैरसमज मी बऱ्याच ठिकाणी ऐकलाय. नाही, ते ब्रह्मरंध्र नाही. योगाच्या परंपरेत ब्रह्मरंध्र डोक्याच्या माथ्यावर सांगतात, आणि माथ्यावर खरोखरची मोकळी जागा असते ती तान्ह्या बाळाला, जिला आपण टाळू म्हणतो आणि जिथे आजी तेल भरते, पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरून येते आणि मग तिथे फक्त हाडांचा सांधा उरतो. फोरामेन मॅग्नम बरोबर उलट्या बाजूला, कवटीच्या बुडाशी, मान जिथे डोक्याला लागते तिथे असतं आणि ते आयुष्यभर उघडंच राहतं. एक आत्म्याच्या वाटेचं नाव, दुसरं मज्जेच्या वाटेचं. जाता जाता, टाळू हा शब्दही दुहेरी आहे, संस्कृतात तालु म्हणजे तोंडातला वरचा घुमट, मराठीत तो तोंडातही राहिला आणि डोक्यावरही चढला, म्हणून 'जीभ टाळूला चिकटली' आणि 'मढ्याच्या टाळूवरचं लोणी' ह्या दोन अगदी वेगळ्या टाळू आहेत. पत्रकात टाळू लिहिणार असाल तर कुठली ते स्पष्ट करा.

आता मुख्य प्रश्न. माझं मत: रंध्र. आणि हे मत डिक्शनरी उघडून झालेलं नाही, मावशीमुळे झालंय.

मावशीला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया होता, म्हणजे चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या चेतेचं (नर्व्हचं) दुखणं. गालात वीज चमकावी तशी कळ, दात घासताना, पाण्याचा घोट घेताना, कधी नुसत्या वाऱ्यानं. गोळ्यांनी काही वर्षं भागलं, मग भागेना, तेव्हा डॉक्टरांनी गालातून सुई घालून ती चेता जिथून कवटीबाहेर येते तिथपर्यंत पोचायचं आणि तिला थोडी बधिर करायची असा उपाय सुचवला. ही जागा म्हणजे फोरामेन ओव्हेल. त्यांच्या मराठी संमतीपत्रात छापलं होतं, 'कवटीच्या भोकातून सुई घालण्यात येईल'. मावशीनं ते वाचलं, कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि घरी आली. तिला वाटलं कवटीला भोक पाडणार. आणि तिची काय चूक, मराठीत भोक हे पडतं किंवा पाडतात, बादलीला पडतं, भिंतीला ड्रिलनं पाडतात, ते मुळापासून असतं असं ऐकणाऱ्याच्या मनात येतच नाही.

माझी बहीण तेव्हा मेडिकलच्या पहिल्या वर्षाला होती आणि सीनियरकडून घेतलेला बोन सेट घरात होता. तिनं कवटीची वरची टोपी काढली, कवटी खिडकीसमोर धरली आणि मावशीला आत बघायला सांगितलं. आतून तळ तीन पायऱ्यांत उतरतो, पुढची पायरी सगळ्यात उंच, मधली तिच्याखाली आणि मागची सगळ्यात खोल, घाटमाथ्यावरून कोकणात उतरावं तसा, आणि प्रत्येक पायरीवर कुठून कुठून उजेड येत होता. बहिणीनं झाडूची काडी मधल्या पायरीवरच्या लंबगोल उजेडातून खाली घातली ती जबड्याच्या बाजूला बाहेर आली. ती म्हणाली, 'मावशी, ही वाट जन्मापासून आहे, तुमची चेता रोज इथूनच जाते, डॉक्टर नवीन काही पाडणार नाहीत.' पुढच्या आठवड्यात मावशी स्वतःहून ॲडमिट झाली. तेव्हापासून ह्या शब्दाकडे माझं लक्ष आहे.

छिद्र का नको तेही सांगतो. व्याकरणानं ते चुकीचं नाही, उलट लॅटिनला ते जास्त जवळचं आहे, कारण फोरामेन ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ भोसकणं, आरपार पाडणं, आणि छिद्राच्या मुळाशीही छिद् म्हणजे कापणं आहे. पण शब्द मुळापेक्षा वापरानं ओळखला जातो. मराठीत छिद्र म्हणजे उणीव, म्हणून दोष शोधत फिरणारा तो छिद्रान्वेषी, आणि पेपरात 'बालकाच्या हृदयाला छिद्र' अशी बातमी येते तेव्हा तो आजार असतो. ह्यात अजून एक गुंता असा की पोटातल्या बाळाच्या हृदयात दोन कप्प्यांमध्ये जी वाट असते आणि जन्मानंतर जी मिटते तिचंही इंग्रजी नाव फोरामेन ओव्हेलच आहे. म्हणजे तुम्ही 'लंबगोल छिद्र' एवढंच लिहिलंत तर नेटवर शोधणारा पेशंट थेट हृदयरोगावर जाऊन पोचेल. 'कवटीच्या तळातलं' हे शब्द कधीही गाळू नका.

रंध्राला मात्र शाळेनंच नीट जागा करून दिलीय. पानावरची पर्णरंध्रं आपण सगळ्यांनी शिकलोय, त्वचेवरची रंध्रं जाहिरातीतही येतात. ती मुळातलीच असतात, उपयोगाची असतात आणि त्यातून काहीतरी ये-जा करतं. फोरामेनची हीच व्याख्या आहे ना! संस्कृतात रंध्रालाही दुबळी जागा असा अर्थ होता पण मराठी वाचकाच्या कानाला तो आज लागत नाही. आपल्या बोलीत खरं तर ह्याहून नेमका एक शब्द आहे, नेढं. सुईचं नेढं, आणि राजगडावर, रतनगडावर कातळात आरपार पडलेलं नेढं, ज्यातून वारा वाहतो आणि पलीकडचं आभाळ दिसतं. कवटी खिडकीसमोर धरली की मला तेच आठवतं. पत्रकात तो चालणार नाही, विदर्भातल्या किंवा शहरात वाढलेल्या वाचकाला अडेल, पण वर्गात समजावताना जरूर वापरून बघा.

फोरामेन मॅग्नमला महारंध्र म्हणा. साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब आणि तीन रुंद, सगळ्यात मोठं हेच, इथे लंबमज्जा, म्हणजे मेंदूचा सगळ्यात खालचा भाग, संपून मेरुरज्जू सुरू होतो आणि मणक्यांतून वर येणाऱ्या दोन धमन्या इथूनच आत शिरतात. माणसात ते कवटीच्या बुडाशी जवळजवळ मधोमध असतं म्हणून डोकं मानेवर तोललं जातं, चार पायांवर चालणाऱ्या प्राण्यांत ते मागे सरकलेलं असतं. दक्षिण आफ्रिकेत टाउंगला 1924 साली एका लहान मुलाची जीवाश्म कवटी मिळाली, तेव्हा शरीररचनातज्ज्ञ रेमंड डार्टनं 1925 मध्ये हा जीव दोन पायांवर चालत असावा असं मांडलं त्याचा एक मोठा आधार महारंध्राची ही पुढे असलेली जागाच होती. एका भोकाच्या जागेवरून चालणं ओळखलं असं मी इथे सहज लिहून गेलो असतो, आणि बघा, 'भोक' म्हटल्याबरोबर वाक्य किती उणं होतं.

मधल्या पायरीवर एका रांगेत तीन आहेत, रोटंडम, ओव्हेल, स्पायनोसम. पहिल्या दोघांना गोल रंध्र आणि लंबगोल रंध्र म्हणायला काहीच हरकत नाही. पाचव्या चेतेच्या, म्हणजे मावशीच्या त्याच ट्रायजेमिनलच्या, तीन फांद्यांपैकी पहिली पुढे डोळ्याच्या खोबणीत फटीतून जाते, दुसरी गोल रंध्रातून, तिसरी लंबगोलातून, विद्यार्थी हे 'स्टँडिंग रूम ओन्ली' असं पाठ करतात, सुपीरियर ऑर्बिटल फिशर (ती फट), रोटंडम, ओव्हेल ह्यांची आद्याक्षरं. गोल रंध्र पुढच्या बाजूला उघडतं म्हणून कवटी उलटी करून खालून बघितली तर ते दिसतच नाही, बहिणीनं ते खालून शोधण्यात एक अख्खी संध्याकाळ घालवली होती.

तिसऱ्याचं भाषांतर मात्र जपून. स्पायनोसमला मी एका ठिकाणी 'काटेरी छिद्र' आणि दुसरीकडे चक्क 'मणक्याचे छिद्र' असं वाचलंय. दोन्ही चूक. हे रंध्र काटेरी नाही आणि पाठीच्या कण्याशी त्याचा संबंध नाही, त्याच्या शेजारी हाडाचा एक काटा खाली आलेला असतो त्यावरून नाव पडलं. म्हणून कंटक रंध्र, आणि एकदा कंसात 'काट्याशेजारचं' असं लिहा. जेमतेम दोनेक मिलिमीटरच्या ह्या वाटेनं मेंदूच्या आवरणाची मधली धमनी आत येते आणि कानशिलाच्या आतल्या बाजूनं वर जाते. कानशिलावर जोराचा मार बसून तिथलं पातळ हाड मोडलं की हीच धमनी फाटते, माणूस आधी शुद्धीवर असतो, बोलतो, आणि काही तासांत घसरतो. सुश्रुतसंहितेत शंख हे मर्म सद्यःप्राणहर म्हणजे लगेच जीव घेणाऱ्या मर्मांत मोजलंय आणि शंख म्हणजे कानशीलच, त्यावरूनच आपली शंखास्थि. धमनी त्यांना माहीत होती असं मी म्हणत नाही, पण जागा त्यांनी नेमकी धरली होती.

फोरामेन लॅसरमला विदीर्ण रंध्र. लॅसर म्हणजे फाटलेलं, आणि सुक्या कवटीत ते दिसतंही तसंच, कडा दातेरी, फाटक्या. पण जिवंत माणसात ते तरुणास्थीनं, म्हणजे कूर्चेनं, बुजलेलं असतं आणि मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी त्याच्या वरून जाते, आतून नाही. नावं ठेवणारे सुकी हाडं हातात घेऊन बसले होते हे इथे फार जाणवतं.

सगळंच रंध्र नसतं हेही लक्षात ठेवा. फिशरला म्हणजे फटीला विदर, मीटसला म्हणजे आत जाणाऱ्या वाटेच्या तोंडाला कुहर, कॅनॉलला म्हणजे बोगद्याला नलिका, फोसाला म्हणजे खोलगट जागेला खात. कर्णकुहर तर आपल्याला कवितेतून माहीत आहे. खात शब्द परका वाटला तर आखाती देश आठवा, दोन्हीत खणणं तेच आहे. नलिका आणि रंध्र ह्यातला फरक मात्र पत्रकात सांभाळायलाच हवा. तुमच्याकडे चेहऱ्याचा एक भाग लुळा पडलेले पेशंट येणार, आपल्याकडे 'तोंडावरून वारं गेलं' म्हणतात. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी सातवी चेता कानामागे एका रंध्रातून बाहेर पडते, पण त्याआधी ती हाडातल्या अरुंद, वळणाच्या नलिकेतून येते, 16 व्या शतकातल्या फॅलोपिओ ह्या इटालियन शरीररचनातज्ज्ञाचं नाव त्या नलिकेला आहे, तोच गर्भनलिकेवाला (फॅलोपियन ट्यूब). चेता सुजली तर हाड काही सैल होत नाही, ती बोगद्यात अडकल्यासारखी दाबली जाते. इथे 'छिद्रात नस दबली' असं लिहिलं तर चित्रच चुकतं, आणि नस म्हटल्यावर निम्मे लोक रक्तवाहिनी समजतात. 'नलिकेत चेता दाबली जाते' असं लिहा, चेता शब्द दहावीपर्यंत शिकलेल्या सगळ्यांना माहीत आहे.

जाळीच्या हाडासाठी मला आपल्या स्वयंपाकघरातल्या झाऱ्याची उपमा फार आवडते. नाकाच्या छताला जी बारीक भोकांची पट्टी असते, ग्रीक आणि लॅटिन दोन्हीत तिचं नाव चाळणीवरून आहे, पण चाळणी पीठ चाळायची म्हणजे फार बारीक, बुंदी पाडायच्या झाऱ्याची भोकं डोळ्यासमोर आणा म्हणजे वासाचे तंतू कसे खाली उतरतात ते लगेच दिसेल. इथे मी मुद्दाम भोकं लिहिलं, कारण झाऱ्याची ती भोकंच.

शेवटी लिहिण्याबद्दल. रंध्र नपुंसकलिंगी आहे, ते रंध्र, ती रंध्रं, छापील भाषेत रंध्रे, आणि रंध्रातून, रंध्रांतून ह्यातला अनुस्वार गाळू नका कारण एक की अनेक ते त्यावरच कळतं. महारंध्र एकत्र लिहा, लंबगोल रंध्र सुटं. आणि पहिल्यांदा जिथे शब्द येईल तिथे लिहा, 'रंध्र, म्हणजे हाडात जन्मापासून असलेली वाट', पुढे मग नुसतं रंध्र पुरेल.