आईचा खर्च मांडण्याआधी घराचे कागद बघ
अरे, आईला सांभाळणाऱ्या बाईचा पगार, डायपर, औषधं असा तीन महिन्यांचा खरा खर्च आधी वहीत मांड. अंदाज हमखास चुकतो. आणि ‘कमी पडलं तर म्हापशाचं घर विकू’ असं म्हणतोस, ते डोक्यातून काढ. गोव्यात मालमत्ता सहसा नवरा-बायकोची निम्मी-निम्मी. वडील गेले, म्हणजे त्यांच्या अर्ध्यात तुम्ही भावंडं आलात. वारसाचे कागद आणि सगळ्यांच्या, सुना-जावयांच्यासुद्धा, सह्या झाल्याशिवाय गिऱ्हाईक उभं राहत नाही. आमची दोन वर्षं दुबईच्या भावाच्या एका सहीपायी गेली!

आईची रोकड ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घाल: मर्यादा 30 लाख, व्याज दर तीन महिन्यांनी. पण सहा महिन्यांचा खर्च साध्या खात्यातच ठेव. गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं दीनदयाळ कार्ड इस्पितळापुरतं. बाईचा पगार त्यातून निघत नाही.