बाळंतिणीला प्रश्न कसा विचारावा?

प्रश्न : मुलगी बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी तिने बाळंतपणानंतरचं स्तनपान आणि पाळणा लांबवण्याची साधनं हा विषय घेतलाय. पुढे संशोधनच करायचं म्हणते. घरचे म्हणतात, असल्या विषयाने नोकरी कुठे मिळणार? मी अंगणवाडी सेविका आहे. – एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, विषय फार चांगला आहे. ‘मूल अंगावर पितंय तोवर दिवस जात नाहीत’ हे तुम्ही गृहभेटीत कितीदा ऐकलं असेल! ते अर्धंच खरं. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी परत न आलेली आणि दिवसरात्र फक्त अंगावरचं दूध, हे तिन्ही जुळलं तरच सुमारे 98 टक्के संरक्षण मिळतं. एक जरी सुटलं तरी तांबी, निरोध, काहीतरी हवंच. हे किती जणींना ठाऊक आहे, एवढं विचारत ती चाळीस-पन्नास घरं फिरली तरी प्रकल्प उभा राहील.

कस लागतो तो विचारण्यात. ‘फक्त अंगावरचंच देता ना?’ म्हटलं की सगळ्या हो म्हणतात. ‘कालपासून बाळाच्या तोंडात काय काय गेलं?’ म्हटलं की घुटी निघते, मध निघतो, ग्राईप वॉटर निघतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही आदल्या दिवसाचंच विचारतात. साधनांचा विषय सासू शेजारी असताना काढूच नये. आणि ताई, तुम्हीही तिथे थांबू नका. सेविकाताईंसमोर बाया तुम्हाला आवडेल तेच सांगतात. ओळख करून द्या आणि निघा. कॉलेजच्या नैतिकता समितीची परवानगी आधी, मग प्रत्येकीची संमती.

डॉक्टर नसलं तर संशोधनात स्थान नाही, असं समजू नका. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या ‘सर्च’ या संस्थेचं नवजात बाळांवरचं काम 1999 साली ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ते घरोघर जाणाऱ्या गावातल्याच आरोग्यदूतांच्या बळावर उभं होतं.

पुढे कम्युनिटी हेल्थमधलं एम.एस्सी. नर्सिंग, एम.पी.एच. (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) किंवा मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेतलं पदव्युत्तर शिक्षण, असे रस्ते आहेत. वर सांगितलेल्या पाहणीचं काम याच संस्थेकडे असतं. मात्र प्रकल्पांवरच्या नोकऱ्या बहुधा कंत्राटी असतात, हे घरच्यांना स्पष्ट सांगा. म्हणूनच नर्सिंग कौन्सिलची नोंदणी तिने आधी करून घ्यावी. दोन प्रकल्पांच्या मधल्या काळात तीच हात देते.

सध्या एवढंच करा : प्रश्नावली छापण्याआधी तिला ती पाच बायांना विचारून बघू दे. ज्या प्रश्नावर बाई गप्प होते, तो प्रश्न बदलायचा.