लोखंडी तळवा : आधी मूग, मग घाई विसर

अरे, लोखंडी तळवा म्हणजे भरलेल्या पिशवीवर हात मारून तळहात कणखर करायचा कुंग-फूचा सराव. त्यासाठी पहिल्याच आठवड्यात छर्रे भरलेली पिशवी आणू नकोस. चिनी परंपरेत सुरुवात मुगाच्या पिशवीने होते, पुढे खडी, आणि लोखंडी छर्रे अगदी शेवटी. कॅनव्हासची पिशवी कमरेइतक्या उंचीच्या भक्कम स्टुलावर ठेव. हात खांद्यापासून सैल सोड आणि नुसता पडू दे. जोर लावून आपटलास की मनगट आणि बोटांचे सांधे जातात. मी घाई केली होती; दोन महिने मूठ नीट वळत नव्हती.

सरावाआधी आणि नंतर ‘दित दा जाउ’ हे औषध हातांना चोळायचं. कँटोनीज नाव, अर्थ सरळ : पडणं, मार, दारू. तांदळाच्या दारूत हिराबोळ, करडईची फुलं अशी औषधं महिनोन्‌महिने मुरवतात. तळव्यावर थोडं घेऊन ऊब येईपर्यंत चोळ, बोटांच्या पेरांमध्येही. ते बनवायच्या काही कृतींत बचनागाच्या जातीचं मूळ असतं, ते जहाल विष आहे. म्हणून हे पोटात कधीच घ्यायचं नाही, फुटलेल्या कातडीवर लावायचं नाही, आणि चोळून झाल्यावर हात धुतल्याशिवाय जेवायला बसायचं नाही.

सूज राहिली किंवा बोटं बधिर झाली, तर सराव थांबव आणि डॉक्टरांना दाखव. आणि तू अजून अठराच्या आत असशील, तर पिशवी राहू दे. वाढती हाडं आहेत.