थ्रीडीचा कोर्स नंतर, आधी फाइल सुधारा

प्रश्न : मुलीने आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समन सिव्हिलची दोन वर्षं पूर्ण केली. ऑटोकॅड (संगणकावर नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) चांगलं येतं. म्हापशातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात आठवडाभर ट्रायलवर होती. 'हात चांगला आहे, पण फाइल दुसऱ्याला वापरता येत नाही,' म्हणून त्यांनी नको म्हटलं. आता रेव्हिट (इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) आणि थ्रीडीच्या कोर्सची फी भरावी का? – एक पालक, फोंडा

उत्तर : नमस्कार. फी आत्ता भरू नका. नकाराचं एवढं स्पष्ट कारण फारसं कोणी देत नाही, त्याचा फायदा घ्या. ऑफिसात एकच ड्रॉइंग आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर, प्लंबिंगवाला अशा तिघा-चौघांच्या हातून जातं. पुढच्याने फाइल उघडल्यावर त्याला फोन करून विचारावं लागू नये, एवढीच त्यांची अपेक्षा असते.

तिच्या फाइलमध्ये काय बिघडलं असेल याचा मला अंदाज आहे. भिंती, दारं, मापं सगळी एकाच लेयरवर, म्हणजे ड्रॉइंगच्या एकाच थरावर. रंग 'बायलेयर' (लेयरचा तोच रेषेचा) न ठेवता एकेका रेषेला हाताने दिलेले. मग प्रिंट काढताना रेषांच्या जाडीचा मेळ लागत नाही. मॉडेलमध्ये सगळं खऱ्या मापाने, एकास एक काढायचं आणि स्केल लेआउटमधल्या (प्रिंटच्या पानावरच्या) व्ह्यूपोर्टला, म्हणजे मॉडेल दाखवणाऱ्या चौकटीला द्यायचं, हेही क्लासमध्ये घाईत उरकतात. सर्वांत वाईट सवय म्हणजे माप खोडून वर आकडा टाइप करणं. रेष 2985 मिलिमीटरची आणि लिहिलंय 3000! साइटवर त्या आकड्यावर काम होतं आणि भुर्दंड मालकाला.

आणखी एक नेहमीची भानगड युनिटची. सर्व्हेअरकडून येणारी फाइल बहुधा मीटरमध्ये असते, घराचा नकाशा मिलिमीटरमध्ये. युनिट न तपासता दोन्ही एकत्र आणले की अख्खा प्लॉट घराच्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढा दिसतो. फाइल पाठवण्याआधी 'ऑडिट' (फाइलमधल्या चुका शोधणारी कमांड) आणि 'पर्ज' (न वापरलेल्या गोष्टी काढून टाकणारी) चालवायचं. पावसाळ्यात वीज जातेच, म्हणून ऑटोसेव्हची वेळ दहा मिनिटांवरून पाचवर आणा. 'बॅक' फाइलचं (ऑटोकॅड आपोआप ठेवतं त्या मागच्या प्रतीचं) नाव बदलून ती पुन्हा 'डीडब्ल्यूजी', म्हणजे ऑटोकॅडची नेहमीची फाइल करता येते, हेही तिला माहीत हवं.

आता खरं काम. तिला तुमचं किंवा नातेवाइकांचं एखादं जुनं घर मोजायला सांगा, शक्यतो राजांगण (घराच्या मधला उघडा चौक) असलेलं. चिऱ्याच्या जुन्या भिंती सगळीकडे सारख्या जाडीच्या नसतात आणि कोपरे क्वचितच काटकोनात भेटतात. म्हणून प्रत्येक खोलीच्या चारही बाजूंबरोबर दोन्ही कर्ण मोजायचे : एकाने खोलीचा आकार पक्का होतो, दुसऱ्याने मोजण्यातली चूक पकडता येते. हाताने काढलेलं कच्चं रेखाटन जपून ठेवायचं. मग प्लॅन, राजांगणातून जाणारा एक सेक्शन (उभा छेद) आणि कौलारू छपराचा उतार. क्लासमधल्या दहा बंगल्यांपेक्षा हे एक घर मुलाखतीत जास्त बोलेल. सोबत गोवा लँड डेव्हलपमेंट अँड बिल्डिंग कन्स्ट्रक्शन रेग्युलेशन्स, 2010 मधले सेटबॅक (हद्दीपासून सोडायची जागा), कव्हरेज (प्लॉटचा बांधकामाने झाकलेला भाग) आणि एफएआरचे (प्लॉटच्या प्रमाणात सर्व मजल्यांचं एकूण बांधकाम) भाग वाचू द्या. नकाशा मंजुरीला जातो तेव्हा तेच तपासलं जातं, आणि नवख्या ड्राफ्ट्समनला ते ठाऊक असलं की ऑफिसवाले खूश होतात.

मुलाखतीला ए-थ्री प्रिंट न्यावीच, पण मूळ फाइलही पेन ड्राइव्हवर न्यावी आणि 'उघडून बघा' असं स्वतःहून म्हणावं.

सॉफ्टवेअरच्या चोरीच्या प्रती घरी नकोत. विद्यार्थ्यांसाठीचं मोफत लायसन्स फक्त शिक्षणासाठी असतं, त्यावर पैसे घेऊन काम करता येत नाही. कोर्स संपल्यावर सरावासाठी लिब्रेकॅड हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. मात्र ते 'डीएक्सएफ' या दुसऱ्या प्रकारच्या फाइलवर चालतं, 'डीडब्ल्यूजी'त सेव्ह करत नाही.

राहिलं रेव्हिट. वाईट मुळीच नाही. पण ज्या ऑफिसात ती लागेल तिथे ते वापरत असतील, तरच फीचा विचार करा, आणि त्याआधी ऑफिसवाले स्वतःच शिकवतात का, हे विचारून घ्या.