‘रन’ म्हणजे धावणे नव्हे

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

घरगुती निवासाच्या पत्रकाचा तू केलेला अनुवाद वाचला. ‘खाडी आमच्या घरामागून धावते’ इथे अडखळलो. दाभोळची खाडी धावत नाही गं. मूळ इंग्रजीत ‘रन्स’ आहे आणि शाळेत ‘रन म्हणजे धावणे’ असं एकदा घोकलं की ते जन्मभर पुरतं, त्यातून हे झालं. ‘घराच्या मागूनच खाडी जाते’ एवढं पुरे.

या शब्दाचा आवाका मोठा आहे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या आवृत्तीत अर्थांच्या संख्येत ‘सेट’ या क्रियापदाचा पहिला नंबर होता, ४३० अर्थ. पुढच्या सुधारणेत ‘रन’ने त्याला मागे टाकलं. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ! ते पाठ करायला जाऊ नकोस. ‘रन’कडे बघायच्या आधी शेजारी कोण बसलंय ते बघ.

पहिला प्रश्न, काय ‘रन’ होतंय? पाणी असेल तर वाहतं, यंत्र असेल तर चालतं, रस्ता असेल तर जातो, फेरीबोट असेल तर तिच्या फेऱ्या होतात. नाक वाहतं, विहीर ‘रन ड्राय’ झाली तर आटते, गाडी ‘रनिंग लेट’ असेल तर उशिरा धावते. (कोकण रेल्वेच्या सूचनेत ‘धावणे’ चालतं बरं का, गाडीला आपण ते केव्हाच देऊन टाकलंय.) कपड्यावरच्या धुण्याच्या सूचनेत ‘कलर्स मे रन’ असेल तर ‘रंग जाण्याची शक्यता आहे’.

दुसरा प्रश्न, पुढे कर्म आहे का? असलं की बहुतेक वेळा ‘चालवणे’: खानावळ, होडी, पंप. पण इथेच पाय घसरतो. ‘शी इज रनिंग अ टेंपरेचर’ म्हणजे तिला ताप आहे. वर्तमानपत्र बातमी ‘रन’ करतं म्हणजे छापतं.

तिसरा प्रश्न, मागे कुठलं शेपूट आहे? हे सगळ्यात फसवं. ‘डीझेल रॅन आउट’ म्हणजे डीझेल संपलं. आपल्याकडे रन आउट म्हटलं की आधी यष्ट्या दिसतात, त्याला इलाज नाही. ‘रन इंटू’ माणसाबद्दल असेल तर अचानक गाठ पडणं, भिंतीबद्दल असेल तर धडकणं, खर्चाबद्दल असेल तर लाखांच्या घरात जाणं. ‘रन ओव्हर’ गाडीबद्दल असेल तर कुणाच्या तरी अंगावरून गेली, बैठकीबद्दल असेल तर लांबली. ‘रन डाउन’ घराबद्दल असेल तर पडझड झालेलं, माणसाबद्दल असेल तर थकलेला.

‘रॅन अग्राउंड’ला विशेष सांभाळ. तू ‘होडी किनाऱ्याला लागली’ लिहिलंस. हर्णैच्या कुणालाही ते वाचून बरंच वाटेल, कारण किनाऱ्याला लागणं म्हणजे सुखरूप पोचणं. इथे होडी वाळूत रुतलीय. खडकाला लागली असती तर मात्र ‘लागली’च बरोबर होतं. आपलं ‘लागणे’ असंच आहे बघ: भूक लागते, गाडी लागते, ठेच लागते, झाडाला आंबे लागतात, दिवा लागतो. परक्याला ते शिकवायची वेळ आली तर तू शब्दार्थ सांगशील की वाक्यं? ‘रन’ही तसाच शीक.

त्यासाठी साधी वही कर. एका पानावर एकच शब्द, उभे तीन रकाने: पूर्ण इंग्रजी वाक्य, कोण किंवा काय ‘रन’ होतंय, आणि मराठीत आलेलं क्रियापद. सुटा शब्द लिहायचा नाही, वाक्यच. पंचवीसेक वाक्यं झाली की तिसरा रकाना वरून खाली वाच. ‘चालणे’, ‘जाणे’, ‘वाहणे’, ‘संपणे’ पुन्हा पुन्हा येतील. यात न बसणारी वाक्यं लाल शाईने लिही, तीच पुढे अडवतात. उदाहरणार्थ निवडणूक: अमेरिकेतला उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटनमधला ‘स्टँड’ करतो. मराठीत दोघेही उभेच राहतात.

आणि तू रिकामी सोडलेली ती ‘फिश रन’ची ओळ. शब्दकोशात शोधत बसू नकोस, शेजारच्या घरी विचार. पहिल्या मोठ्या पावसात वहाळांना लोंढा आला की मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढत भातखाचरांपर्यंत येतात, ते चढणीचे मासे. रायगडकडे वलगण म्हणतात. पत्रक दापोलीचं आहे तेव्हा ‘चढणीचे मासे’ लिही, आणि गणपतीला येशील तेव्हा वही घेऊन ये.

तुझा,
काका