त्याला कोंबडीचा पाय दाखवा

प्रिय ताई,

कन्नड तालुक्यातून तुम्ही लिहिता, की नऊ वर्षांचं लेकरू महिनाभर धड झोपत नाही. शास्त्रज्ञ डायनोसॉर परत आणणार, असं त्यानं मोबाईलवर पाहिलं. तेव्हापासून रोज एकच प्रश्न : ते आले तर आपण जगू का? वडील रागावतात, आजी दृष्ट काढते, आणि डॉक्टरला दाखवावं का, असं तुम्ही विचारता.

आधी त्याच्या प्रश्नाला खरं उत्तर द्या. 'गप झोप' म्हटल्यानं भीती जात नाही, ती पांघरुणात शिरते.

डायनोसॉर परत येणार नाहीत. त्यांना संपून 6.6 कोटी वर्षं झाली. प्राणी पुन्हा घडवायचा तर त्याचा डीएनए हवा, आणि आजवर सापडलेला सगळ्यात जुना डीएनए सुमारे 20 लाख वर्षांचा आहे; तोही ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीतला, तुकड्यातुकड्यांचा. वेरूळ तुम्हाला जवळ. एकदा त्याला लेण्यात न्या, भिंतीला हात लावू द्या. तो काळा दगड लाव्हा होऊन वाहत होता, त्या सुमारास डायनोसॉर संपले.

पण समजा, आलेच. हत्तीला दिवसाला दीडशे किलो चारा लागतो. त्यांच्यातले मोठे पालाखाऊ हत्तीच्या कितीतरी पट वजनाचे. 2016 साली लातूरची तहान भागवायला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या मराठवाड्यात ते पिणार काय? त्याला सांगा, भ्यायचं त्यांनी आहे, आपण नाही. त्यांचा वंश आजही जिवंत आहे : पक्षी. अंगणातली कोंबडी धरा आणि तिचा पाय त्याच्या हातात द्या. पुढं तीन बोटं, नख्या, वर खवले. सावकाश बघू द्या. माळढोकही त्याच वंशातला, सोलापूर-नगरच्या माळावरचा. त्याला आपण जगू दिलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता तुमच्या पत्रातली ती ओळ, जी मी तीनदा वाचली. अगदी शेवटी, जाता जाता तुम्ही लिहिलंय : 'रात्रीची लाईट असली की हे दारं धरायला एकटेच जातात, आणि मागच्या महिन्यात शेजारच्या शिवारात बिबट्या दिसला.'

ताई, महिना जुळतो बघा. लेकराला बापाची काळजी लागली असेल आणि ती बोलता येत नसेल. बिबट्याचं नाव घेतलं तर तो खरंच येईल, असं वाटत असेल. म्हणून डायनोसॉर.

त्याला जवळ घेऊन सरळ विचारा, पप्पा रात्री शेतात जातात तेव्हा भीती वाटते का? आणि त्याच्या वडिलांना माझा निरोप द्या, रागावू नका, त्याच्याशी तुम्ही स्वतः बोला. बिबट्या सहसा माणसाला टाळतो. तरी शेजाऱ्याला सोबत घ्या, हातात काठी-बॅटरी ठेवा, मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावा, अंधारात वाकून किंवा बसून काम करू नका. बिबट्या दिसल्याचं वनविभागाला कळवलं नसेल तर उद्याच कळवा. एवढं करूनही दोन-तीन आठवड्यांत झोप लागली नाही, तर डॉक्टरला जरूर दाखवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि आज रात्री आखाड्यावर पोचल्यावर वडिलांनी घराच्या दिशेनं तीनदा बॅटरी मारावी. ती बघायला त्यालाच खिडकीत उभं करा.

तुमची ताई