शब्द कोणत्या कुळातला?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा सातवीत आहे आणि स्क्रिप्स नॅशनल स्पेलिंग बी या, ऐकलेल्या इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग मंचावर सांगण्याच्या अमेरिकेतील स्पर्धेची तयारी करतो आहे. रोज शंभर शब्द पाठ करतो, रात्री मी ते त्याच्याकडून म्हणवून घेते. पण आठवड्याभरात निम्मे विसरतो. माझ्या उच्चारामुळेही त्याचा गोंधळ होतो. काय करावे?

उत्तर : मुलाच्या कष्टांत काही उणे नाही, पद्धत मात्र बदलायला हवी. या स्पर्धेचा आधार असलेल्या वेबस्टरच्या बृहद्कोशात साडेचार लाखांहून अधिक नोंदी आहेत, म्हणजे रोज शंभर या गतीने बारा वर्षेही पुरणार नाहीत. स्पर्धकाला मंचावर शब्दाचा अर्थ, त्याची मूळ भाषा, व्याकरणातील जात, वाक्यातील उपयोग आणि पर्यायी उच्चार विचारण्याची मुभा असते. जी मुले पुढे जातात, ती या प्रश्नांच्या आधारे न पाहिलेला शब्दही बांधून काढतात. म्हणून यादी अक्षरांच्या क्रमाने न लावता मूळ भाषेनुसार लावावी : ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन अशा वेगवेगळ्या वह्या कराव्यात.

उदाहरणार्थ, २०२३ साली देव शाह या मुलाने ज्या शब्दावर विजेतेपद मिळवले, तो ‘सॅमोफाइल’ हा शब्द पाहा. नुसते ऐकले तर सुरुवातीला ‘एस’ वाटेल. पण शब्द ग्रीक आहे आणि अर्थ ‘वाळूत वाढणारा जीव’ आहे हे कळले, की ‘सॅमोस’ म्हणजे वाळू आणि ‘फिलोस’ म्हणजे प्रिय हे दोन तुकडे वेगळे दिसू लागतात. पहिल्या तुकड्यात मुका ‘पी’ आणि जोड ‘एम’, दुसऱ्यात ‘फ’साठी ‘पीएच’. आता मधला स्वर राहिला, आणि खरी अडचण नेहमी तिथेच असते. इंग्रजीत आघात नसलेला, म्हणजे जोर न देता म्हटलेला स्वर इतका पुसट उच्चारला जातो की तो ए, ई, आय, ओ यांपैकी कोणता हे कानाला ठरवता येत नाही. मात्र ग्रीक तुकड्यांचा सांधा बहुधा ‘ओ’ने जोडलेला असतो आणि लॅटिन तुकड्यांचा ‘आय’ने, मांसाहारी प्राण्यासाठी असलेल्या ‘कार्निव्होर’ या लॅटिन शब्दात तो ‘आय’ दिसतो. एवढे एक सूत्र उमगले, तरी शेकडो शब्द पाठ करण्याचे श्रम वाचतात. त्याचप्रमाणे ‘सीएच’चा उच्चार ग्रीक शब्दांत बहुधा ‘क’ होतो आणि फ्रेंच शब्दांत ‘श’.

व्यक्तिनामांवरून आलेल्या शब्दांना मात्र हे नियम लागू पडत नाहीत. तिथे ते नाव कोणाचे, हेच शोधावे लागते. २०२१ सालचा विजयी शब्द ‘मुराया’ हे अशाच एका वनस्पती-प्रजातीचे नाव, मरे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडलेले. आपला कढीपत्ता ‘मुराया कोनिगी’ या नावाने ओळखला जातो. स्वयंपाकघरात ती डहाळी हातात देऊन सांगितलेला शब्द मुलगा विसरणार नाही.

न्यूयॉर्कचा अरविंद महांकाळी २०११ आणि २०१२ अशी सलग दोन वर्षे जर्मन मुळाच्या शब्दांवर अडला आणि तिसऱ्या क्रमांकावर राहिला. २०१३ साली तो ‘क्नेडल’ या शब्दावर जिंकला; हा शब्द यिडिश या युरोपातील ज्यूंच्या भाषेतला, म्हणजे जर्मनच्याच कुळातला. मुलाच्या चुकांची वहीसुद्धा अशीच वाचावी. चुका एकाच भाषेत साचत असतील, तर पुढचा महिना त्याच भाषेला द्यावा.

उच्चाराबद्दल म्हणाल, तर आपण मराठी माणसे ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोन्हींसाठी एकच ‘व’ वापरतो, म्हणून शब्द कोशाच्या ध्वनिमुद्रणावरूनच ऐकवावा. आपण अर्थ आणि मूळ भाषा सांगण्याचे काम घ्यावे. ते घरातल्या माणसाइतक्या मायेने दुसरे कोणी करणार नाही.

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवतो. मुले इंग्रजी शब्दावर देवनागरीत उच्चार लिहून पाठ करतात आणि स्पेलिंग चुकतात. ही सवय मोडावी का?

उत्तर : पहिल्या वाचनापुरती राहू द्यावी, पाठांतरासाठी मात्र मोडावी. देवनागरीत ‘सेपरेट’ लिहिले की मधला ‘ए’ दिसेनासा होतो आणि मुले तिथे ‘ई’ लिहितात. फळ्यावर शब्द अवयवांनुसार तोडून लिहावा आणि फसवा स्वर वेगळ्या रंगाच्या खडूने काढावा. मुलांना इंग्रजी लहरी वाटते, तेव्हा ‘चार’ आणि ‘चाक’ हे शब्द मोठ्याने म्हणायला लावावेत. अक्षर एकच ‘च’, उच्चार मात्र दोन. लिपी आणि उच्चार यांत अंतर असू शकते हे त्यांना आपल्याच भाषेतून कळले, की भीती बरीच कमी होते. दिवसाला पाच शब्द पुरेत, पण ते दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने न पाहता पुन्हा लिहून घ्यावेत.

प्रश्न : आपल्याकडून इंग्रजीत गेलेले शब्द अभ्यासासाठी उपयोगी पडतील का? (एक आजोबा, पुणे)

उत्तर : अवश्य, आणि नातवंडांना ते आपणच सांगावेत. ‘मॉन्गूस’ हा मराठी ‘मुंगूस’शी थेट नाते सांगणारा शब्द आहे. त्याचा हंसासाठी असलेल्या ‘गूस’शी काही संबंध नाही, म्हणून त्याचे अनेकवचन ‘गीस’च्या धर्तीवर न करता ‘मॉन्गूसेस’ असे करावे. ‘जिमखाना’ हा शब्द बहुधा ‘गेंदखाना’ यावरून आला. व्यायामवाचक ‘जिम्नॅस्टिक्स’ची छाया पडल्यामुळे त्यात ‘आय’ऐवजी ‘वाय’ आला आणि ‘खाना’तला ‘केएच’ जसाच्या तसा राहिला.